ऋणकोची वही

कर्ज नाहीं असा शेतकरी शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. परंतु आपल्यावर एकंदर कर्ज किती, तें कोणाकोणाचें, त्यावर वर्षास व्याज किती चढतें आणि तें कोणत्या सालीं संपेल, या चार प्रश्नांचीं उत्तरें ताबडतोब देऊं शकेल असा शेतकरी त्याहूनहि विरळा. जमिनीचे गुंठे, उसाच्या सऱ्या आणि म्हशीचें दूध यांचा हिशेब ज्याच्या जिभेवर असतो, तोच गृहस्थ कर्जाची गोष्ट निघाली कीं, "असेल दोन-अडीच लाख," असें म्हणून विषय बदलतो. यांत त्याच्या बुद्धीचा दोष नाहीं. त्याच्या कर्जाचा हिशेब विकास सोसायटीच्या खात्यांत आहे, पतसंस्थेच्या संगणकांत आहे, खतविक्रेत्याच्या उधारीच्या वहींत आहे, हातउसने देणाऱ्याच्या डायरींत आहे. म्हणजे तो सर्वांच्या घरीं आहे, त्याच्या स्वतःच्या घरीं मात्र कोठेंच नाहीं. कर्जाच्या आंकड्याइतकेंच हें विखुरलेपण शेतकऱ्यास बुडवितें, असें आमचें मत आहे. म्हणून धनकोच्या पांच वह्यांसमोर ऋणकोची स्वतःची एक वही असली पाहिजे, आणि आजच्या काळीं ती वही संगणकाच्या तक्त्याच्या, म्हणजे ज्यास स्प्रेडशीट म्हणतात त्या साधनाच्या रूपानें असावी, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

ही गोष्ट आजची नव्हे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, आणि तें लोण पुढें अहमदनगर जिल्ह्यांतहि पसरलें. या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः दस्तऐवजांवर होता. खतें, रोखे, हुकूमनामे हातीं लागतील तितके त्यांनीं जाळले, आणि जेथें सावकारानें कागद निमूटपणें काढून दिले तेथें बहुधा मारहाण झाली नाहीं. कागदांवर इतका राग कां? कारण कर्ज शेतकऱ्याचें असलें तरी कागद दुसऱ्याच्या हातचा होता, आणि त्यांत काय लिहिलें आहे हें ज्याचें देणें त्यालाच कळत नव्हतें. पुढें १८७९ सालीं जो दक्षिणी शेतकऱ्यांच्या संकटनिवारणाचा कायदा झाला, त्यांत शेतकऱ्यास पैसे पोंचल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क देण्यांत आला. हिशेब ऋणकोच्या हातीं आल्यावांचून कर्जाचा प्रश्न सुटत नाहीं, हें सरकारासहि तेव्हां उमगलें होतें. त्यास आतां जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं. पासबुकें आलीं, पावत्या आल्या, मोबाईलवर संदेश येऊं लागले. तरी ते सर्व कागद एकत्र मांडण्याचें काम अजून ज्याचें त्यानेंच करावयाचें राहिलें आहे.

कोणी म्हणेल कीं, आमचें कर्ज सातबाऱ्यावर आहेच. त्यावर आमचें उत्तर असें कीं, महसूल खात्यांत लेखणी झिजवून आम्ही निवृत्त झालों, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत काय येतें व काय येत नाहीं हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. तेथें सोसायटीचा व बँकेचा बोजा येतो. पतसंस्थेंत गहाण पडलेलें घरांतील सोनें तेथें दिसत नाहीं. कृषि सेवा केंद्राची उधारी दिसत नाहीं, दुचाकीचा हप्ता दिसत नाहीं, बचतगटाचें कर्ज दिसत नाहीं, आणि शेकडा तीन रुपये दरमहा व्याजानें आणलेली रक्कम तर मुळींच दिसत नाहीं. सातबारा कोरा आहे म्हणून घर कर्जमुक्त आहे असें समजणें म्हणजे ओढ्याचें पाणी ओसरलें म्हणून पंचगंगेचा पूर ओसरला असें समजण्यासारखें आहे. २०१९ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत देशांतील शेतकरी कुटुंबांपैकीं ५०.२ टक्के कुटुंबें कर्जबाजारी आढळलीं, आणि त्यांच्या थकित कर्जापैकीं सुमारें २०.५ टक्के रक्कम व्यावसायिक सावकारांची होती. हा पांचवा हिस्सा बहुधा कोणत्याहि सरकारी उताऱ्यावर उमटत नाहीं. पण घर पोखरतो तो हाच.

फेरफाराच्या नोंदी लिहितांना आमच्या दृष्टीस वारंवार पडलेली एक गोष्ट सांगतों. एखादा खातेदार कर्ज फेडण्यासाठीं वीस गुंठे जमीन विकतो. आलेल्या पैशांतून तो प्रथम ज्यांचा तगादा मोठा त्यांचीं देणीं भागवितो. ज्यांची नोटीस आली ती संस्था, ज्यांनीं चारचौघांत बोल लावला ते पाहुणे, ज्यानें दारांत येऊन आवाज चढविला तो दुकानदार, हे सर्व तृप्त होतात. ज्याचा दर दरमहा शेकडा तीन आहे तो धनको मात्र स्वस्थ असतो. तो गोड बोलतो, "मुद्दलाची घाई नाहीं, व्याज तेवढें देत चला," असें म्हणतो, कारण मुद्दल परत न येण्यांतच त्याचा लाभ आहे. म्हणून त्याचें देणें शेवटीं राहतें, आणि दोन-तीन वर्षांनीं त्याच खातेदाराचा दुसरा फेरफार आमच्या टेबलावर येतो. जमीन गेली ती कर्जानें गेली असें गांव म्हणतें. आम्ही म्हणतों कीं, ती फेडीचा क्रम चुकल्यानें गेली. तगाद्याचा आवाज आणि व्याजाचा दर या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि त्यांतील भेद डोळ्यांस दाखविणारें साधन म्हणजे एकत्र मांडलेला तक्ता.

आतां तक्ता म्हणजे काय, हें पाहूं. महसूल खात्याचा सारा गाडा तीन शब्दांवर चालतो: मागणी, वसुली, बाकी. गांव नमुना आठ-ब मध्यें प्रत्येक खातेदारापुढें त्याची मागणी लिहितात, आलेली वसुली लिहितात, आणि उरते ती बाकी. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत कोणाहि अंमलदारास गांवाची स्थिति समजून घ्यावयाची असल्यास तो हीच तीन घरें पाहतो. सरकार जर कोट्यवधि रुपयांचा सारा या तीन घरांत बसवितें, तर शेतकऱ्यानें आपलीं पांच-सात कर्जें त्यांत बसविण्यास अडचण कोणती? फरक इतकाच कीं, येथें मागणी दुसऱ्याची असते आणि वसुली आपल्या घरांतून जाते.

संगणकावरील तक्ता हा याच कागदी तक्त्याचा पुढचा अवतार होय. १९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघांनीं व्हिजिकॅल्क नांवाचा पहिला लोकप्रिय तक्ता तयार केला. आज एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क असे त्याचे अनेक प्रकार आहेत, व त्यांपैकीं शेवटचे दोन घरगुती कामास पैसे न देतां वापरतां येतात. उभ्या-आडव्या रेघांनीं पडलेलीं घरें, आणि प्रत्येक घरांत एक आंकडा किंवा एक नियम, एवढेंच त्याचें स्वरूप. कागदाहून त्याचा अधिक गुण एकच, पण तो मोठा आहे: एका घरांतील आंकडा बदलला कीं, त्यावर अवलंबून असणारीं सर्व घरें आपोआप नव्यानें मांडलीं जातात. बाकीस दरानें गुणून शंभरांनीं भागावें हा नियम एकदां लिहिला म्हणजे तो पुनः करावा लागत नाहीं. आमच्या तरुणपणीं गोषवाऱ्यांत एक आंकडा चुकला तर रात्रभर बेरजा पुनः कराव्या लागत. तें काम आतां डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें.

तक्त्यांत घरें फार नसावींत. धनकोचें नांव, मूळ रक्कम, आजची बाकी, वर्षाचा शेकडा दर, वर्षाचें व्याज, मुदतीची तारीख, मुदत चुकल्यास काय होईल, तारण काय, आणि शेवटीं शेरा. इतकीं नऊ घरें पुरेशीं आहेत. त्याच्या शेजारीं दुसऱ्या पानावर तारीखवार भरणा लिहावा व प्रत्येक भरण्यापुढें पावतीचा क्रमांक घालावा. पावती नाहीं तो भरणा नाहीं, हा नियम घरच्या हिशेबासहि लागू करावा.

यांत सर्वांत महत्त्वाचें घर दराचें होय, आणि फसवणूकहि तेथेंच होते; कारण प्रत्येक धनको आपला दर निरनिराळ्या भाषेंत सांगतो. संस्था वर्षाचा दर सांगते, हातउसने देणारा महिन्याचा सांगतो, दुकानदार दर सांगतच नाहीं, रोखीचा भाव एक व उधारीचा भाव दुसरा लावतो. हे सर्व दर वर्षाच्या शेकड्यांत आणले पाहिजेत. "शेकडा तीन" हे शब्द कानास हलके लागतात. बारांनीं गुणिले म्हणजे ते ३६ होतात. वाहनाच्या कर्जावर कित्येक ठिकाणीं सरसकट दर लावतात. समजा, एक लाख रुपये तीन वर्षांसाठीं सरसकट १२ टक्क्यांनीं घेतले. तीन वर्षांचें व्याज ३६,००० मुद्दलांत मिळवून छत्तीस हप्ते पाडले कीं, दरमहाचा हप्ता सुमारें ३,७७८ रुपये होतो. परंतु मुद्दल तर महिन्यामहिन्यानें कमी होत जातें, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत संपूर्ण लाखावर आकारलेलें असतें. घटत्या बाकीवर हिशेब केल्यास हा दर वर्षास सुमारें २१ टक्के पडतो. संगणकाच्या तक्त्यांत हा दर काढण्याची सोय तयारच असते. हप्त्याची रक्कम, हप्त्यांची संख्या आणि मुद्दल दिलें कीं तो खरा दर पुढें ठेवतो.

आतां एक उदाहरण घेऊं. हें उदाहरण कल्पिलेलें आहे, पण करवीर, कागल किंवा शिरोळ तालुक्यांतील पुष्कळ घरांस तें ओळखीचें वाटेल. एका घरावर पुढील देणीं आहेत: विकास सोसायटीचें पीककर्ज १,००,०००, वेळेंत फेडल्यास व्याज शून्य; पतसंस्थेचें सोनेतारण ६०,०००, दर १२ टक्के; खताची उधारी २५,०००, दरमहा शेकडा दोन म्हणजे २४ टक्के; हातउसने ४०,०००, दरमहा शेकडा तीन म्हणजे ३६ टक्के; आणि पाहुण्यांकडून घेतलेले २०,०००, बिनव्याजी. एकंदर कर्ज २,४५,०००. व्याजाचें घर पाहिलें तर सोनेतारणाचे ७,२००, उधारीचे ६,०००, हातउसन्याचे १४,४००, मिळून वर्षाचे २७,६०० रुपये होतात. जें देणें एकंदर कर्जाचा सहावा हिस्साहि नाहीं, तें एकटें निम्म्याहून अधिक व्याज खात आहे. ही गोष्ट तोंडी हिशेबांत कधींच दिसत नाहीं. तक्त्यांत ती पहिल्याच दिवशीं दिसते.

या घरचा ऊस ८० टन गेला व टनास ३,००० रुपये मिळाले असें धरूं. बिल २,४०,००० झालें. त्यांतून सोसायटीचे १,००,००० कारखान्याकडून परस्पर वळते झाले, घरखर्च व पुढील मशागतीसाठीं ७०,००० राखून ठेविले, आणि इतर देण्यांसाठीं ७०,००० उरले. घरांतील कल सोनें सोडविण्याकडे असतो, आणि तो स्वाभाविक आहे. ६०,००० देऊन सोनें घरीं आणलें व १०,००० पाहुण्यांस दिले, तर चौघांत मान राहतो. पण पुढील वर्षाचें व्याज २०,४०० राहतें. याच्या उलट हातउसने व उधारी मिळून ६५,००० पूर्ण फेडले व उरलेले ५,००० पतसंस्थेंत भरले, तर पुढील वर्षाचें व्याज फक्त ६,६०० राहतें. पैसे तेवढेच, ऊस तोच, मेहनत तीच. केवळ क्रम बदलल्यानें वर्षास १३,८०० रुपये घरांत राहतात.

मात्र अधिक दराचें देणें आधीं, हा नियम डोळे मिटून लावूं नये; यासाठींच मुदतीचें घर ठेविलें आहे. पीककर्जाचा दर शून्य दिसतो म्हणून तें मागें टाकल्यास मोठी चूक होईल. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखालीं २०२१-२२ सालापासून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जास शून्य दर करण्यांत आला, तो ३० जूनपर्यंत फेड करणाऱ्यासाठीं. ती तारीख चुकली कीं सवलत गेली, खातें थकबाकींत गेलें, आणि पुढील हंगामाचें नवें कर्ज अडलें. सवलतीच्या अटी त्या त्या वर्षीं गटसचिवाकडून विचारून शेऱ्यांत लिहाव्या. तसेंच सोनेतारणाची मुदत संपून लिलावाची नोटीस येण्याचा संभव असेल, तर व्याज भरून मुदत वाढवून घ्यावी, कारण लिलावांत गेलेलें सोनें परत येत नाहीं. पाहुण्यांच्या पैशास व्याज नसलें तरी त्यांसहि तारीख असावी. तारीख सांगून ती पाळणें हेंच अशा देण्याचें व्याज होय.

हातउसन्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याखालीं परवानाधारक सावकारानें शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, याहून अधिक व्याज घेऊं नये असें ठरविण्यांत आलें. परवान्याशिवाय सावकारी करणें हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा सांगितली आहे, आणि अवैध सावकारींत पंधरा वर्षांच्या आंत गेलेल्या जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागतां येते. परंतु दाद मागावयाची तर पुरावा लागतो. कोणत्या तारखेस किती दिले, कोणाच्या समक्ष दिले, हें सांगावें लागतें. ज्याच्याजवळ तारीखवार टिपण नाहीं त्याची तक्रार अर्ध्या वाटेवर थकते. ज्यानें तक्ता ठेविला त्याच्या हातीं निदान सांगण्यास कांहींतरी असतें.

आतां जमेची बाजू. नोकरदारास दरमहा एक वेतन येतें. आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याची जमा निराळ्या चालीची आहे. उसाचें बिल हंगामांत एकदां मोठ्या रकमेनें येतें. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणें ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत, व विलंबास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे; म्हणून तक्त्यांत ऊस घातल्याची तारीखहि लिहावी. दुधाचें बिल दर दहा दिवसांनीं येतें, आणि दिवाळीपूर्वीं दरफरकाची रक्कम हातीं पडते. या तीन प्रवाहांस तीन कामें वांटून द्यावींत. उसाच्या बिलानें मोठें देणें मुळासकट काढावें, दुधाच्या तीन बिलांपैकीं एक बिल दरमहा ठराविक कर्जाकडे लावावें, आणि दरफरकाची निदान अर्धी रक्कम सणाच्या खरेदीपूर्वींच वेगळी काढावी. वरील उदाहरणांत सोनेतारणाचे ५५,००० राहिले आहेत. दुधाच्या पैशांतून दरमहा ३,००० भरल्यास, महिन्यास एक टक्का व्याज धरून, तें देणें एकविसाव्या महिन्यांत संपतें. २,००० भरल्यास तेहतिसाव्या महिन्यापर्यंत लांबतें. तक्त्यांत एक आंकडा बदलला कीं शेवटची तारीख पुढें-मागें सरकतांना दिसते. हजार रुपयांची किंमत बारा महिने आहे, हें ज्या घरानें डोळ्यांनीं पाहिलें, तें घर त्या हजारास सहसा हात लावीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, शेती बेभरंवशाची. २०१९ व २०२१ सालच्या पुरांत उभा ऊस पाण्याखालीं कुजला, तेथें तुमचा तक्ता काय करणार? तक्ता पूर अडवीत नाहीं, हें खरें. परंतु त्याच तक्त्याची दुसरी प्रत काढून त्यांत ८० टनांऐवजीं ५० टन लिहून पाहावें. ज्या वर्षीं खरोखरच ५० टन जाईल, त्या वर्षीं काय करावयाचें हें आधींच ठरलेलें असेल. कोणत्या संस्थेकडे मुदतवाढ मागावयाची आणि कोणतें देणें कोणत्याहि स्थितींत थांबवावयाचें नाहीं, हें पाणी अंगणांत आल्यावर सुचत नसतें.

जमेच्या घरांत एक रक्कम मात्र कधींहि लिहूं नये, ती म्हणजे होऊं घातलेली कर्जमाफी. २००८, २०१७ आणि २०१९ या सालीं कर्जमाफीच्या योजना झाल्या, आणि अडलेल्या अनेकांस त्यांचा आधार मिळाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण २००८ च्या माफींतील कोल्हापूर जिल्ह्याची सुमारें ११२ कोटींची रक्कम, मंजूर मर्यादेहून अधिक कर्ज उचलल्याच्या कारणावरून, पुढें अपात्र ठरवून परत घेण्यांत आली व तो वाद वर्षानुवर्षें न्यायालयांत चालला, हेंहि आपल्याच जिल्ह्यानें पाहिलें आहे. सरकारी खजिन्यांत चलन आल्यावांचून जमा धरीत नाहींत. घरच्या तक्त्यांतहि हातीं न आलेला पैसा जमा धरूं नये. माफी आली तर ती त्या दिवशीं लिहावी व एका वर्षानें शेवटची तारीख अलीकडे आली म्हणून आनंद मानावा. तिच्या आशेनें फेड थांबवूं नये.

आणखी एक घर बहुतेक जण विसरतात, तें जामीनकीचें. भावकी, शेजार आणि भीड यांपायीं आपण दुसऱ्याच्या कर्जास सही करितों आणि ती सही विसरून जातों. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणें, करारांत कांहीं निराळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणून ज्या ज्या कर्जास आपण जामीन आहों तीं सर्व तक्त्याच्या तळाशीं वेगळीं मांडावींत, त्यांची बेरीज आपल्या कर्जांत मिळवूं नये, पण वर्षांतून दोनदां त्यांची स्थिति विचारावी.

आमच्या पिढीच्या पुष्कळांस संगणकाचा संकोच वाटतो. त्यांनीं तो वाटूं देऊं नये. घरांत शिकलेली मुलगी आहे, सून आहे, कॉलेजांत जाणारा मुलगा आहे. मांडणी त्यांनीं करावी, आंकडे वडिलधाऱ्यांनीं सांगावे. यांत दुहेरी लाभ आहे. कर्ज किती हें घरांतील सर्वांस कळतें, आणि विशेषतः जिचें सोनें गहाण आहे त्या घरधनिणीस तें कळतें. पुष्कळ घरांत कर्ज लपविलें जातें तें अब्रूसाठीं. पण लपलेलें कर्ज मुलाबाळांस कळतें तें वसुली अधिकारी दारांत उभा राहिल्यावर, आणि तेव्हां अब्रूहि जाते व उपायहि जातो. बाहेरच्यांच्या दृष्टीस पडूं नये यासाठीं तक्त्यास परवलीचा शब्द घालतां येतो. शिवाय दर तीन महिन्यांनीं एक छापील प्रत काढून ट्रंकेंत ठेवावी, कारण मोबाईल हरवतो, कागद सहसा हरवत नाहीं. त्याच वेळीं प्रत्येक धनकोच्या उताऱ्याशीं आपल्या बाकीचा ताळा घ्यावा. संगणक बेरीज चुकत नाहीं, पण त्यास चुकीचा आंकडा सांगितला तर तो चुकीचेंच उत्तर बिनचूक देतो.

दुसरा आक्षेप असा कीं, लिहिल्यानें कर्ज फिटतें काय? फिटत नाहीं. कर्ज उसानें, दुधानें आणि काटकसरीनें फिटतें. परंतु घाम गाळून मिळविलेला रुपया कोणत्या भोकांत जात आहे हें ज्यास दिसत नाहीं, त्याची काटकसरहि व्यर्थ जाते. सणाला नवें कापड घेतलें नाहीं म्हणून दोन हजार वांचविणारा आणि फेडीचा क्रम चुकल्यानें तेरा हजार आठशें घालविणारा शेतकरी एकच असूं शकतो.

या कामीं संस्थांनींहि पुढें यावें असें आम्हांस वाटतें. प्रत्येक विकास सोसायटीनें नवें कर्ज देतेवेळीं सभासदास त्याच्या खात्याचा स्पष्ट उतारा द्यावा व त्यांत दर वर्षाच्या शेकड्यांत, मुदत तारखेसह आणि मुदत चुकल्यास लागणारा दर मोठ्या अक्षरांत लिहावा. पतसंस्थांनीं सरसकट दर सांगतांना घटत्या बाकीवरील दरहि सांगावा. आणि आपल्या शेतकरी संघानें मराठींतील कोरा तक्ता तयार करून सभासदांच्या मोबाईलवर पाठवावा व तो भरण्याचें शिक्षण गांवोगांव एका संध्याकाळच्या बैठकींत द्यावें. यास खर्च थोडा आहे, आणि गरज मात्र मोठी आहे.

कारखान्यांचीं धुराडीं पेटून पहिली मोळी पडण्यापूर्वीं प्रत्येक खातेदारानें एक रात्र या कामास द्यावी. घरांतील सर्व पासबुकें, पावत्या, चिठ्ठ्या चटईवर मांडाव्या, कुटुंबास जवळ बसवावें, आणि एक एक देणें तक्त्यांत उतरवावें. बेरजेचा आंकडा पाहून पहिल्या रात्रीं झोंप उडेल, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों. परंतु ज्या कर्जास नांव, दर आणि तारीख मिळाली, तें कर्ज संपण्याच्या वाटेस लागलें असें समजावें. उसाचें बिल कोणाच्या घरीं जावयाचें, हें यंदा तरी बिल येण्यापूर्वीं आपणच ठरवावें, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.